फीड बाजूला, यादी समोर

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. यंत्र कसं बसवायचं, कसं चालवायचं, वंगण कधी द्यायचं, अलार्म वाजला तर आधी काय बघायचं, हे सगळं ज्या पुस्तिकेत असतं ती कुणीतरी बसून लिहिलेली असते, आणि माझ्यासारख्या फ्रीलान्स लेखकांचं ते पूर्णवेळचं काम आहे. बरीच वर्षं दोन मोठ्या क्लायंटवर माझं व्यवस्थित चाललं होतं. मग त्यातल्या एकाने लेखनाचा विभाग स्वतःकडेच उभा केला आणि नवे क्लायंट शोधणं भाग पडलं.

या कामाला जाहिरात करून गिऱ्हाईक मिळत नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीत पुस्तिकेचं काम नेमकं कुणाच्या टेबलावर आहे हेच बाहेरून कळत नाही. कुठे ते प्रॉडक्ट मॅनेजर बघतो, कुठे सर्व्हिस विभाग, तर कुठे डिझाइनमध्ये नुकताच लागलेला इंजिनिअर इतर कामं सांभाळून करतो. तो माणूस सापडला की काम सापडतं. आणि अशी माणसं नाव, हुद्दा आणि कंपनीसकट एका ठिकाणी बघायला मिळतात ती लिंक्डइन या संकेतस्थळावर. २००३ साली हे सुरू झालं तेव्हापासून त्याचा मूळ गाभा तोच आहे: कोण कुठे काम करतं आणि कोण कुणाला ओळखतं. माझं खातं होतंच. त्याचा क्लायंट मिळवण्यासाठी नीट उपयोग कसा करायचा, हे मात्र मला शून्यापासून बसवावं लागलं. ते कसं बसलं ते इथे लिहिते आहे, कारण एकट्याने काम करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाला लिंक्डइन उघडायचं म्हटलं की दडपण येतं, आणि त्या दडपणापायी चांगली माणसं कामाविना बसलेली मी पाहिली आहेत.

दडपण कसलं, ते आधी सांगते. सकाळी लिंक्डइन उघडावं तर एकाला बढती मिळालेली असते, दुसरीने स्वतःची कंपनी काढलेली असते, तिसऱ्याने परिषदेत भाषण केलेलं असतं. मध्येच कुणाच्या नोकरीला दहा वर्षं पूर्ण झालेली असतात. खाली कुणी नोकरी गेल्याचं मनापासून लिहिलेलं असतं, ते वाचून जीव कळवळतो, आणि लगेच त्याखाली "महिन्याभरात क्लायंट दुप्पट कसे करावेत" असली पोस्ट असते. वर लाल ठिपक्यात आकडे. इनबॉक्समध्ये अनोळखी लोकांची विक्रीची पत्रं. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर पडावं तर डोकं जड झालेलं असतं आणि क्लायंट मिळण्याच्या दिशेने एक पाऊलही पडलेलं नसतं. यात कुणाची चूक आहे असं मला वाटत नाही. प्रत्येक जण आपापलं सांगत असतो. पण फीडची, म्हणजे उघडल्यावर समोर येणाऱ्या या पोस्टच्या रांगेची, रचना आपल्याला काय वाचावंसं वाटेल या अंदाजावर होते. मला या महिन्यात कुणाशी बोलायला हवं याचा त्या क्रमाशी काडीचा संबंध नसतो.

म्हणून मी पहिला हिशेब मांडला तो गरजेचा. एका मध्यम आकाराच्या यंत्राची पुस्तिका नीट करायची तर महिना-दीड महिना जातो. मधल्या दुरुस्त्या आणि जुन्या पुस्तिकांच्या नव्या आवृत्त्या धरल्या, तर वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच नवे क्लायंट मला झेपतात. म्हणजे हजारो लोकांनी मला ओळखण्याची गरजच नव्हती. चांगले पाच क्लायंट हवे असतील तर पन्नास-साठ योग्य माणसांशी खरी ओळख पुरते. हा हिशेब कागदावर आला आणि अर्धं ओझं तिथेच उतरलं. फॉलोअर वाढवा, रोज पोस्ट टाका, व्हिडिओ करा हे सल्ले चुकीचे नाहीत. ज्यांना एकाच वेळी शेकडो लोकांना काही विकायचं आहे त्यांच्यासाठी ते आहेत. मला ते लागू पडत नव्हते.

मग आवाज कमी केला. फोनवरचं ॲप काढून टाकलं, लिंक्डइन फक्त कामाच्या संगणकावर ठेवलं. सेटिंगमध्ये जाऊन ईमेलवर येणाऱ्या सूचना बंद केल्या. कुणी मेसेज पाठवला किंवा माझ्या पोस्टवर कमेंट केली, एवढ्याच सूचना चालू ठेवल्या. ज्यांच्याशी ओळख टिकवायची आहे पण ज्यांच्या पोस्ट रोज वाचायच्या नाहीत, त्यांना अनफॉलो केलं. अनफॉलो केल्याने कनेक्शन तुटत नाही आणि समोरच्याला तशी सूचनाही जात नाही. हे अनेकांना ठाऊक नसतं आणि भिडेपोटी ते सगळ्यांचं सगळं बघत राहतात. उलट, ज्या मोजक्या लोकांचं लिहिणं मला खरंच वाचायचं होतं त्यांच्या प्रोफाइलवरची घंटा चालू केली, म्हणजे त्यांनी काही लिहिलं की मला कळतं. फीडचा क्रमही "मोस्ट रिसेंट", म्हणजे सगळ्यात नवं आधी, यावर नेला. हे सगळं एका बैठकीत होतं.

खरं काम सुरू झालं ते यादीपासून. लिंक्डइनच्या सेटिंगमध्ये डेटा प्रायव्हसीखाली आपल्या माहितीची प्रत मागवायची सोय आहे. तिथे फक्त "कनेक्शन्स" वर खूण केली की थोड्या वेळात एक फाइल मिळते आणि ती एक्सेलमध्ये उघडते. नाव, आडनाव, प्रोफाइलचा पत्ता, कंपनी, हुद्दा आणि कधी जोडले गेलो ती तारीख. ईमेल ज्यांनी दाखवायला परवानगी दिली आहे त्यांचेच येतात. माझ्या मते एकट्याने व्यवसाय करणाऱ्यासाठी लिंक्डइनवरची ही सगळ्यात मोलाची सोय आहे. फीड, ठिपके, फोटो, सगळं गळून पडतं आणि आपण आजवर भेटलेली माणसं एकाखाली एक शांतपणे समोर येतात. मी त्यात एक रकाना वाढवला आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण केली: बरोबर काम केलं आहे, तोंडओळख आहे, ओळखतच नाही. दुसऱ्या रकान्यात हा माणूस यंत्रं बनवणाऱ्या, विकणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे का, ते लिहिलं.

यादी वाचताना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते हुद्द्यांचं. पूर्वी माझ्याबरोबर एका प्रकल्पावर चाचण्या घेणारी मुलगी आता एका पॅकेजिंग यंत्रांच्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर होती. एक सर्व्हिस इंजिनिअर, ज्यांच्याबरोबर मी कधीकाळी कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेवर डोकं घातलं होतं, ते आता पूर्ण सर्व्हिस विभाग सांभाळत होते. माझ्या नकळत माझी ओळख नव्या कंपन्यांत जाऊन पोचलेली होती.

समाजशास्त्रात याचा अभ्यास जुना आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटणारे होते, ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचितच भेटणारे होते. जवळच्या माणसांना आपल्याला जे ठाऊक आहे तेच ठाऊक असतं, दूरच्यांकडे वेगळी बातमी असते, असं त्यांचं म्हणणं. २०२२ साली लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेला एक मोठा अभ्यास 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आला. नोकरी मिळण्यात सर्वाधिक मदत मध्यम विरळ ओळखींची होते, अगदी घट्ट किंवा अगदी नावापुरत्या ओळखींची तेवढी नाही, असं त्यात दिसलं. हे दोन्ही अभ्यास नोकरीबद्दलचे आहेत, क्लायंटबद्दलचे नाहीत. पण माझ्या यादीतला "तोंडओळख आहे" हा ढीग मी सगळ्यात आधी उचलला तो याच आधारावर, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळला.

आता मेसेज. बहुतेकांचं घोडं इथे अडतं, म्हणून जरा थांबून सांगते. "आशा आहे आपण कुशल असाल, मी अमुक सेवा देते, आपल्याला आवश्यकता असल्यास कळवावे" असली पत्रं मलाही आठवड्याला येतात आणि त्यांना उत्तर काय द्यावं हेच सुचत नाही. त्यात माझ्याविषयी काही नसतं आणि उत्तर द्यावं असा प्रश्नही नसतो. म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिल्या मेसेजमध्ये आमच्या दोघांतली एखादी खरी आठवण असेल, आणि शेवटी असा प्रश्न असेल ज्याचं उत्तर त्या माणसाला विचार न करता देता येईल. काम मागायचं नाही, पण मी काय करते हे लपवायचंही नाही. सर्व्हिस विभागाच्या त्या गृहस्थांना मी लिहिलं होतं:

"नमस्कार सर, कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेच्या वेळी व्हॉल्व्हचं चित्र उलटं छापलं जाणार होतं आणि ते तुम्ही शेवटच्या क्षणी पकडलंत, ते अजून आठवतं. मी आता स्वतंत्रपणे पुस्तिका लिहिते. तुम्ही सर्व्हिसचं पाहता हे वाचून एक विचारावंसं वाटलं: तुमच्याकडे ग्राहकांचे जे फोन येतात, त्यांतले कितीसे असे असतात की ज्यांचं उत्तर पुस्तिकेत आधीच आहे?"

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "अहो, निम्मे! आणि उत्तर पुस्तिकेत आहे हे ग्राहकाला पटवण्यातच दहा मिनिटं जातात. कधी वेळ आहे? फोन करतो."

फोनवर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या धंद्याच्या दृष्टीने सोन्यासारखं होतं. त्यांच्या पुस्तिकेत बिघाडांचा तक्ता यंत्राच्या भागांप्रमाणे लावलेला होता: मोटर, पंप, कंट्रोल पॅनल, सेन्सर. ज्याने यंत्र डिझाइन केलं त्याच्या डोक्यात यंत्र असंच असतं. पण रात्रपाळीच्या ऑपरेटरला भाग दिसत नाही, पडद्यावर अलार्मचा नंबर दिसतो. नंबर घेऊन तो तक्त्यात शोधायला जातो, तर तक्ता नंबराप्रमाणे नाहीच. मग तो फोन उचलतो. मी त्यांना म्हटलं, "सर, मला सगळी पुस्तिका नका देऊ. फक्त हा एक तक्ता द्या, मी अलार्मच्या नंबराप्रमाणे लावून देते. ऑपरेटरने आधी काय बघायचं, मग काय, आणि कुठल्या टप्प्याला हात न लावता तुम्हाला फोन करायचा, एवढंच." ते छोटं काम पैसे घेऊन केलं. पुढे त्याच कंपनीच्या दोन यंत्रांच्या पूर्ण पुस्तिका आल्या.

यातून मला एक पद्धत सापडली जी मी अजून सोडलेली नाही. पहिल्या संभाषणातून मोठं काम काढायला जायचंच नाही. एक प्रकरण, एक तक्ता, एक सुरक्षा-सूचनांचं पान, असं पंधरा दिवसांत संपेल असं काहीतरी पुढे करायचं. समोरच्याला वरिष्ठांची परवानगी मिळवणं सोपं जातं, आणि एकमेकांबरोबर काम जमतं का हे दोघांनाही कळतं.

सगळ्यांनी उत्तरं दिली नाहीत, हे सांगायलाच हवं. काहींनी मेसेज पाहिला आणि गप्प राहिले. काहींनी "नक्की कळवतो" म्हटलं आणि नंतर काही नाही. सुरुवातीला प्रत्येक गप्प बसलेला माणूस मनाला लागायचा. आता माझा नियम असा आहे की दोन-तीन आठवड्यांनी एकदा, फक्त एकदाच, पुन्हा लिहायचं, आणि तेही "आधीचा मेसेज पाहिलात का" असं न विचारता काहीतरी उपयोगी घेऊन. त्यानंतर यादीत त्या नावापुढे पुढच्या वर्षाचा महिना लिहायचा आणि पुढे जायचं. न आलेल्या उत्तराला बहुधा माझ्याशी काही देणंघेणं नसतं. एकीने आठेक महिन्यांनी उत्तर दिलं, तेव्हा कळलं की मेसेज गेला त्या आठवड्यात त्यांचा सगळा विभाग दुसऱ्या इमारतीत हलत होता.

प्रोफाइलबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर हवं तेवढं लिहिलं गेलं आहे. हेडलाइनला, म्हणजे नावाखालच्या ओळीला, २२० अक्षरांची जागा असते. तिथे हुद्द्याऐवजी मी कुणासाठी काय करते ते लिहिलं: यंत्र-उत्पादकांसाठी चालवण्याच्या आणि दुरुस्तीच्या पुस्तिका, ऑपरेटरला समजतील अशा. "अबाउट" मधल्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं "सी मोअर" च्या मागे जातं, म्हणून महत्त्वाचं तिथेच. जरा जास्त विचार करावा लागला तो नमुन्यांचा. माझं बहुतेक काम गोपनीयतेच्या कराराखाली असतं, पुस्तिका क्लायंटच्या मालकीच्या असतात, त्या उचलून दाखवता येत नाहीत. मग मी एका साध्या पाण्याच्या पंपाची काल्पनिक पुस्तिका तयार केली. त्यातलं एकच पान दोनदा: आधी नेहमी असतं तसं, मग मी लिहीन तसं. ते प्रोफाइलवरच्या "फीचर्ड" या नमुने दाखवायच्या भागात लावलं. नवे क्लायंट पहिल्या फोनवर बहुतेक त्याच पानाचा विषय काढतात. गोपनीय काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे मनापासून सुचवेन. स्वतःच एक नमुना घडवा.

शिफारशीही मागितल्या, पण "माझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहा" असं म्हटलं की माणसं अवघडतात. मी विचारलं, "तुमच्या यंत्राच्या नव्या पुस्तिकेनंतर सर्व्हिसच्या फोनमध्ये काय फरक पडला, ते दोन ओळींत लिहाल का?" उत्तरात नेमकं तेच आलं, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या सर्व्हिस मॅनेजरला तेच हवं असतं.

यादीतली ओळखीची माणसं संपत आली तेव्हा अनोळखी लोकांकडे वळले. इथे शोधाची खिडकी नीट वापरता यायला हवी. अवतरणचिन्हांत हुद्दा लिहिला तर तोच शब्दसमूह शोधला जातो. कॅपिटल अक्षरांत "अँड", "ऑर", "नॉट" हे इंग्रजी शब्द मध्ये घालून शोध अरुंद करता येतो. मी सर्व्हिस मॅनेजर किंवा प्रॉडक्ट मॅनेजर, बरोबर यंत्राचा प्रकार, आणि फक्त दुसऱ्या फळीतले, म्हणजे माझ्या ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीचे, असा शोध लावत असे. मोफत खात्यात महिन्याभरात किती शोध घेता येतात याला मर्यादा असते, आठवड्याला किती विनंत्या पाठवता येतात यालाही असते. मला त्या मर्यादांची अडचण वाटली नाही. आठवड्याला चार-पाच जणांचं प्रोफाइल नीट वाचून विनंती पाठवणं एवढंच मला जमण्यासारखं होतं. पैसे भरून मिळणारी विक्रीची साधनं चांगली असतील, पण एका माणसाच्या व्यवसायाला ती लागतात असं मला वाटत नाही.

विनंतीबरोबरच्या चिठ्ठीत दोन-तीन वाक्यांपुरतीच जागा असते, आणि मोफत खात्यात अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. त्यामुळे अनोळखी माणसाला थेट विनंती पाठवण्याआधी त्याच्या लिहिण्याखाली कमेंट करणं मला जास्त फळलं. कमेंट म्हणजे "छान, अभिनंदन" नव्हे. एक उदाहरण देते. एका देखभाल इंजिनिअरने यंत्राच्या आतल्या बाजूचा फोटो टाकला होता. फिरणाऱ्या पट्ट्याजवळ इशाऱ्याचं स्टिकर होतं: यंत्र चालू असताना हे झाकण उघडू नये. आणि ते स्टिकर झाकणाच्या आत होतं. उघडल्याशिवाय वाचताच येत नव्हतं. खाली बरेच जण हसले होते. मी लिहिलं की हे होतं कसं याचं एक कारण असं असू शकतं: चित्रात स्टिकरची जागा धोका जिथे आहे तिथे दाखवली जाते, ऑपरेटरचा हात आधी जिथे पोचतो तिथे दाखवली जात नाही, आणि पुस्तिका लिहिताना स्टिकरांच्या जागांचं एक पान ठेवून ते प्रत्यक्ष यंत्रासमोर उभं राहून तपासलं तर ही गोष्ट कारखान्यातच पकडता येते. त्यावर त्या इंजिनिअरने विचारलं, मग दोन डिझायनर बोलले, आणि त्यांतल्या एकाने नंतर मला मेसेज केला की आमच्या यंत्रावर असं काही राहिलंय का ते बघाल का. अशी कमेंट लिहायला मला वीस मिनिटं लागतात. आठवड्यात अशा दोन-तीन पुरे होतात. ज्या विषयावर आपला हात बसलेला आहे त्यावर कुणीतरी प्रश्न उभा केलेला असतो, ऐकायला लोक आधीच जमलेले असतात. स्वतःची पोस्ट लिहून लोक येण्याची वाट बघण्यापेक्षा मला हे कितीतरी नैसर्गिक वाटतं.

पोस्ट मी कमी लिहिते, साधारण पंधरा दिवसांतून एक, आणि कामाच्या वहीतून आलेलीच. ज्यांना सगळ्यात जास्त प्रतिसाद आला त्यांतून काम आलं असं नाही. पुस्तिकांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी/आयईईई ८२०७९-१, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीबद्दल मी एक कोरडी म्हणावी अशी पोस्ट लिहिली होती. लाइक जेमतेम. दुसरी एक युरोपच्या नव्या यंत्रविषयक नियमावलीबद्दल होती. २०२३/१२३० क्रमांकाची ही नियमावली २० जानेवारी २०२७ पासून लागू होते, आणि तिच्यात चालवण्याच्या सूचना डिजिटल स्वरूपात द्यायला मुभा आहे, मात्र खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितली तर कागदी प्रत मोफत द्यावी लागते. तिलाही फारसं कुणी काही म्हटलं नाही. पण त्यानंतरच्या महिन्यांत ज्या नव्या लोकांशी फोनवर बोलणं झालं त्यांतल्या कितीतरी जणांनी सांगितलं, "तुमचं ते युरोपच्या नियमांचं वाचलं होतं." काम देणारी माणसं बहुधा गुपचूप वाचतात. कंपनीत जबाबदारीच्या जागेवर बसलेला माणूस पुरवठादाराच्या पोस्टवर सगळ्यांसमोर टाळ्या वाजवत नाही. हे कळल्यापासून मी आकड्यांकडे बघणं सोडलं, आणि लिहिणं कितीतरी सोपं झालं.

वेळेचं बंधन मी घट्ट पाळते. आठवड्यातल्या दोन सकाळी, प्रत्येकी तासाभराच्या आत. क्रम ठरलेला असतो. आधी आलेले मेसेज आणि त्यांची उत्तरं. मग यादी उघडायची आणि आज ज्यांच्या नावापुढे तारीख आहे त्यांना लिहायचं. मग घंटा लावलेल्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचून एखादी कमेंट. वेळ उरला तर फीड, आणि बहुतेकदा उरत नाही. यादीत प्रत्येक नावापुढे शेवटचं बोलणं कधी झालं, कशाबद्दल झालं आणि पुढे कधी लिहायचं हे तीन रकाने असतात. हे डोक्यात ठेवायचा प्रयत्न केला की तगमग होते. कागदावर असलं की उरलेले दिवस लिंक्डइनचा विचारही मनात येत नाही.

आणखी एक गोष्ट. बोलणं कामाच्या वळणावर आलं की मी ते लिंक्डइनवरून ईमेल किंवा फोनवर नेते. कामाची व्याप्ती, मुदत, किती फेऱ्यांच्या दुरुस्त्या, पैसे कधी, हे सगळं ईमेलवर लिहून ठेवलेलं बरं. अनोळखी कुणी पहिल्याच मेसेजमध्ये फाइल उघडायला सांगितली किंवा काम देण्याआधी काही रक्कम भरायला सांगितली, तर मी तिथेच थांबते. कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून ईमेल करा एवढं एक वाक्य पुरतं, त्यावर अशांचं उत्तर येत नाही.

आता पुढच्या तिमाहीची यादी करते आहे. युरोपला यंत्रं पाठवणाऱ्या छोट्या उत्पादकांचा एक वेगळा गट तिच्यात घालायचा आहे, कारण नव्या नियमावलीमुळे त्यांना जुन्या पुस्तिका पुन्हा तपासाव्या लागणार आहेत आणि त्यांतल्या अनेकांकडे त्यासाठी माणूस नाही. भाषांतर-संस्थांना लिहावं की नाही यावर मात्र माझं अजून ठरत नाही. त्यांच्याकडे काम भरपूर असतं, पण यंत्राजवळ जायला मिळत नाही, आणि यंत्र न बघता पुस्तिका लिहिणं मला पटत नाही. त्या पॅकेजिंगवाल्या प्रॉडक्ट मॅनेजर मैत्रिणीने अशा संस्थांबरोबर काम केलं आहे. तिला कालच विचारलंय, गुरुवारी फोनवर बोलायचं ठरलंय.